हेल्परला हजेरी, इंटर्नला सर्टिफिकेट

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय 'तरुण आणि रोजगार' असा आहे. हा विषय इतका मोठा आहे की त्यावर तासभर बोलूनही काहीच न सांगता खाली बसता येतं. म्हणून मी त्यातला एक छोटा तुकडा उचलतो. तो तुमच्या समोरच आहे, हा माईक.

सकाळी तुम्ही पोहे खात होता तेव्हा दोन मुलं टेम्पोतून हे स्पीकर उतरवत होती. मी लवकर आलो होतो, दोघांशी बोललो. एक हेल्पर आहे, एक इंटर्न. हेल्परला आजची हजेरी मिळणार आहे. इंटर्नला जेवण आणि गाडीचं पेट्रोल. इंटर्ननं साउंडचा वर्षभराचा कोर्स केलाय, फी भरून. त्याचा हा तिसरा महिना. त्याची परवानगी घेऊनच सांगतोय. तो मागे मिक्सरपाशी बसलाय, कृपा करून सगळ्यांनी एकदम वळून बघू नका.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे, साउंडमधला नाही. मग मी यावर का बोलतोय? माझ्या खालाच्या मुलामुळे. आणि मी त्याला दिलेल्या एका सल्ल्यामुळे.

आम्ही मिरजेचे. मिरजेत कानाला फार मान आहे. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तानपुरे बनतात. ही घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ती वाद्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आमच्या खालाचा मुलगा त्या गल्लीतला नव्हे. त्याचं शिक्षण डॉल्बीच्या मागे झालं. आमच्या भागात मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बीच म्हणतात, ती कुठल्या का कंपनीची असेना. मिरजेची गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. सगळी पोरं डॉल्बीच्या पुढे नाचायची, हा मागे जाऊन कुठली वायर कुठे गेलीय ते बघत बसायचा. बारावीनंतर त्यानं पुण्यात साउंड इंजिनिअरिंगचा कोर्स केला. फी एक लाख ऐंशी हजार. खालानं बांगड्या गहाण ठेवल्या.

कोर्स संपल्यावर, २०२२ च्या पावसाळ्यानंतर, त्याला एका इव्हेंट कंपनीत बोलावणं आलं. सहा महिने इंटर्नशिप, पैसे नाहीत, शेवटी सर्टिफिकेट आणि 'काम बघून पुढचं ठरवू'. खालानं मला फोन केला. घरात इंजिनिअर मी एकटाच, त्यामुळे वायरिंगपासून लग्नापर्यंत सगळ्याचा सल्ला माझ्याकडेच मागितला जातो. ती म्हणाली, "बेटा, सहा महिने बिनपगारी म्हणतात. काय करायचं?" मी म्हणालो, "खाला, पैशाचं बघू नका. अनुभव मिळतोय ना, तो महत्त्वाचा."

हे मी कशाच्या जोरावर म्हणालो? कॉलेजमधून मी एका मोठ्या आयटी कंपनीत लागलो, तेव्हा पहिले चार महिने आम्हाला नुसतं ट्रेनिंग होतं. त्या चार महिन्यांत मी कंपनीच्या उपयोगाची एक ओळही लिहिली नाही. उलट एसीत बसून त्यांची कॉफी प्यायलो. तरी पहिल्या महिन्यापासून पगार खात्यात यायचा. म्हणजे मी स्वतः पगार घेऊन शिकलो होतो आणि खालाच्या मुलाला फुकट शिकायला सांगत होतो. यात काही विसंगत आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. साउंडची लाइन वेगळी, तिथे असंच असतं, एवढंच.

खालालाही त्यात फार वावगं वाटलं नाही, कारण आपल्या मोहल्ल्यांत उस्तादाकडे पोरगा ठेवायची रीत जुनी आहे. गॅरेज असो, वेल्डिंग असो, टेलरिंग असो. पोरगं आधी पाने धुतं, मग नट ढिले करतं, मग एक दिवस उस्ताद त्याला इंजिन उघडू देतो. या रीतीचं कौतुक करायला मी उभा नाही; त्यात पोरांचं बालपण गेलंय, मारही खाल्लाय. पण ज्या उस्तादांना मी जवळून पाहिलं, ते जुम्मेरातीला पोराच्या हातावर काहीतरी टेकवायचे, ईदला कपडे करायचे, आणि पोराच्या बापाला रोज रस्त्यात भेटायचे. इव्हेंट कंपनीनं या रीतीतलं फुकट काम तेवढं उचललं. बाकीचं सोडून दिलं.

आता तो नेमकं काय काम करायचा ते सांगतो, कारण 'शिकतोय' हा शब्द फार फसवा आहे.

रात्री बारा-एकला गोडाऊनवर टेम्पो भरायचा. पहाटे हॉलवर किंवा मैदानावर उतरवायचा. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, सगळं चाकांच्या जाड पेट्यांत असतं, एकेक पेटी दोन-तीन माणसांची. मग केबल पसरायच्या, पायात येऊ नयेत म्हणून टेपनं जमिनीला चिकटवायच्या. प्रत्येक माईक कुठल्या नंबरला लागलाय त्याची नोंद ठेवायची, एकेक तपासायचा. मग गायक येतात, साउंड चेक होतो. स्टेजवरच्या गायकाला स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड केलेले मॉनिटर असतात, ते सांभाळायचे. शो संपला की सगळं उलट क्रमानं. पहाटे तीन-चारला टेम्पो परत. केबल गुंडाळायचीसुद्धा एक पद्धत असते, एक वेढा सरळ, एक वेढा उलटा, नाहीतर पीळ पडून आतली तार तुटते. हे त्यानं मला फार अभिमानानं दाखवलं होतं. ते शिकायला त्याला एक संध्याकाळ लागली. पुढचे सात महिने तो ती केबल फक्त गुंडाळत होता.

सहाचे सात झाले होते, कारण मध्ये लग्नसराई आली आणि 'सीझन संपू दे' असं सांगण्यात आलं.

दुसऱ्या महिन्यापासून छोट्या कार्यक्रमांत मॉनिटर तो एकटा बघायचा. एकदा टेम्पोत त्याला क्लायंटला दिलेलं कोटेशन सापडलं. त्यात लिहिलं होतं, 'साउंड इंजिनिअर, २ जण', आणि पुढे दोघांचा दर. पहिला इंजिनिअर कंपनीचा जुना माणूस. दुसरा म्हणजे आमचा हा. क्लायंट त्याच्या कामाचे पैसे देत होता. ते फक्त त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. आणि त्याच्याबरोबर त्याच पेट्या उचलणारा हेल्पर, दहावी नापास, रात्रीचे आठशे रुपये घेऊन घरी जायचा. हेल्परला कुणी सांगू शकत नाही की तुला अनुभव मिळतोय. तो म्हणेल, मग उद्यापासून येत नाही.

तो पुण्यात कॉट बेसिसवर राहायचा, महिना साडेचार हजार, मेस वेगळी. ते पैसे मिरजेहून यायचे. त्याच्याबरोबर आणखी तिघं इंटर्न होते. दोघांची घरं पुण्यातच होती, ते टिकले. तिसरी एक मुलगी होती, चौघांत कान तिचा सगळ्यात चांगला, असं हाच सांगतो. पहाटे साडेतीनला घरी जायला रिक्षाचे पैसे स्वतःच्या खिशातून द्यायचे. घरचे रोज विचारायचे की हे असलं कसलं काम, ज्याचा पगारही नाही. पगार असता तर त्यांना तोंड देता आलं असतं. तिनं दोन महिन्यांत सोडलं. म्हणजे निवड झाली, पण कानावरून नाही. ज्याच्या बापाचं पुण्यात घर आहे तो साउंड इंजिनिअर होणार, असं ठरलं.

सातव्या महिन्यात, पहाटे, टेम्पो भरताना एक पेटी उतारावरून मागे आली. त्याचा डावा हात पेटी आणि फाळक्याच्या मध्ये सापडला. दोन बोटं मोडली. आत तार घालावी लागली. बिल अडतीस हजार. मालक दवाखान्यात आला, फळं घेऊन आला, पाच हजार रुपये दिले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. पण तो म्हणाला, "तो आमच्या पेरोलवर नाही, आमचा इन्शुरन्स त्याला लागू होत नाही." मी भावाला विचारलं, तुझ्याकडे लेखी काय आहे? त्यानं व्हॉट्सअ‍ॅप दाखवलं. सात महिन्यांपूर्वीचा एक मेसेज होता, 'फॅमिलीत स्वागत', आणि पुढे एक फुलांचा गुच्छ.

त्या रात्री मी पहिल्यांदा कायदा उघडून वाचला. आधी वाचायला हवा होता.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे, अप्रेंटिस अ‍ॅक्ट. त्यात करार लेखी असतो, त्याची नोंदणी होते, आणि विद्यावेतन द्यावंच लागतं. २०१९ च्या नियमांनी त्याची किमान रक्कम शिक्षणानुसार महिना पाच हजार ते नऊ हजार ठरवली. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि चार माणसांची छोटी आस्थापनाही हवं तर घेऊ शकते. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना दीड हजारापर्यंत, सरकार उचलतं. आणि कलम १६ सांगतं की शिकताना अपघात झाला तर भरपाई मालकानं द्यायची. म्हणजे 'शिकतोय' म्हणून कायद्याबाहेर, असं नाहीच. शिकणाऱ्यासाठीच वेगळा कायदा आहे. फक्त आमच्या भावाची तिथे नोंद नव्हती.

मग नोंद नसलेला इंटर्न कोण? २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. किमान वेतन आता ठरावीक उद्योगांच्या यादीपुरतं राहिलेलं नाही. तिच्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून वगळलाय तो अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेला शिकाऊ उमेदवार. 'इंटर्न' असा शब्द छापून कुणी आपोआप बाहेर पडत नाही. काम काय करून घेतलं ते बघितलं जातं.

आणि एक जुना निकाल आहे, तो मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तोही एका मोठ्या इव्हेंटचाच आहे. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांचा. स्टेडियम आणि पूल बांधणाऱ्या मजुरांचं किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होतं. मधले जमादार त्यातला एक रुपया कापून सव्वाआठ हातावर ठेवत. एक लोकशाही हक्क संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती भगवती आणि न्यायमूर्ती बहारुल इस्लाम यांच्या खंडपीठानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला लावणं ही संविधानाच्या कलम २३ मधली वेठबिगारी आहे. मजूर स्वतःच्या पायानं कामावर आला होता, हे उत्तर चालत नाही. भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच आहे. तिथे एका रुपयाचा प्रश्न होता. आमच्याकडे पूर्ण रक्कमच गायब आहे, आणि आम्ही त्याला करिअर म्हणतोय.

आणखी एक गोष्ट, जी जखमेसारखी दिसत नाही. साउंडवाल्याचं भांडवल म्हणजे त्याचे कान. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. तुमच्यात सायन्सवाले असतील त्यांनी हिशेब करा: १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. डॉल्बीच्या शेजारी पोरं रात्रभर उभी असतात. जुन्या इंजिनिअरकडे स्वतःचे इअरप्लग असतात. इंटर्न कापसाचे बोळे घालतो. उद्या ऐकू कमी आलं तर हे कुठे सुरू झालं ते सांगायला त्याच्याकडे हजेरीची एक चिठ्ठीही नसेल.

आता मालकांची बाजू. ते म्हणतात, आम्ही शिकवतो, आमचाही वेळ जातो. बरोबर आहे. कुणी पंधरा दिवस नुसता शेजारी उभा राहून बघत असेल तर मी वाद घालणार नाही. मी एकच प्रश्न विचारतो: हा पोरगा उद्या आला नाही, तर तुम्ही त्याच्या जागी पैसे देऊन हेल्पर बोलवाल का? बोलावणार असाल तर तो काम करतोय.

आपल्या मुलांच्या बाबतीत हे जास्त का होतं, याचं एक साधं कारण मला दिसतं. सच्चर समितीनं २००६ साली नोंदवलं होतं की मुस्लिमांमध्ये स्वतःचा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आणि पगारी नोकऱ्यांत ते मागे. ज्या घरात कुणी कधी नेमणूकपत्र पाहिलेलं नाही, त्या घरात ते मागायचं असतं हे कोण सांगणार? आमच्या घरात सांगू शकणारा एक जण होता. तो म्हणाला, पैशाचं बघू नका.

तुमच्यात इंजिनिअरिंगची मुलं आहेत म्हणून जाता जाता: आमच्या क्षेत्राला फार शहाणं समजू नका. आता तर इंटर्नशिपसाठी विद्यार्थ्याकडूनच पैसे घेऊन सर्टिफिकेट देणारी दुकानं निघालीत. साउंडवाले निदान फुकट तरी राबवून घेतात.

भावाची बोटं आता बरी आहेत, एक थोडं वाकडं आहे. तो मिरजेला परतला, कर्ज काढून चार टॉप, चार बेस घेतले, लग्नं आणि शाळांची गॅदरिंग करतो. गेल्या ईदला मी गेलो होतो. त्याच्याकडे एक पोरगा केबल गुंडाळत होता, एक वेढा सरळ, एक वेढा उलटा. मी विचारलं, याला काय देतोस? तो हसला. आमच्या दखनीत जे म्हणाला त्याचं मराठी असं, "भाई, शिकतोय अजून. मी पण असाच शिकलो ना."

मी खूप चिडलो. त्यानं शांतपणे त्याची वही आणून दाखवली. बेसचा हप्ता, टेम्पो, डिझेल. मग एका संस्थेचं बिल दाखवलं: चौदा हजारांचं कोटेशन, नऊ हजारांत झालेलं, आणि ते नऊही तीन महिन्यांनी आलेले. म्हणाला, "आता सांग, यातलं कोण कमी करू? बँकवाला ऐकत नाही. पंपवाला ऐकत नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण पाच वर्षांपूर्वी अशाच एका शिबिराचा खजिनदार मी होतो, आणि साउंडवाल्याला निम्म्यावर आणला म्हणून माझं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. मी त्याला काय म्हणालो होतो तेही आठवतं: "चळवळीचं काम आहे, समजून घ्या." त्यानं समजून घेतलं. त्याच्याकडच्या कुठल्या पोरानं ते समजून घेतलं, हे मी विचारलं नाही.

त्यामुळे आज मी दोन बाजूंनी बोलतोय. तुमच्यापैकी जो कुणी उद्या साउंडमध्ये, लाइटमध्ये, कॅमेऱ्यावर किंवा माझ्या क्षेत्रात इंटर्न म्हणून जाईल, त्यानं पहिल्याच दिवशी लेखी मागावं. किती महिने, किती तास, किती पैसे, अपघात झाला तर काय. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंद करता का, एवढं एक वाक्य विचारा. विचारायला लाज वाटते हे मला माहीत आहे. लेखी मिळत नसेल तर रोज तारीख, ठिकाण, कामाचे तास मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कामाचे मेसेज पुसू नका. आणि जे कुणी कार्यक्रम भरवतात, त्यांनी कोटेशन घेताना किती माणसं येणार आणि प्रत्येकाला काय मिळणार हे विचारावं. घासाघीस करायचीच असेल तर बॅनरवर करा, हारतुऱ्यांवर करा.

भावाशी त्या दिवशी माझं भांडणच झालं. मग महिनाभरानं त्याचा फोन आला. पोराला शोमागे तीनशे द्यायला सुरुवात केलीय म्हणाला. तीनशे कमी आहेत हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू तुझ्या लोकांना वेळेवर पैसे द्यायला सांग, मग बघू."

आजच्या साउंडचं बिल मी सकाळी आयोजकांकडे मागून पाहिलं. त्यात दोन माणसं लिहिलीत आणि हजेरी एकाची आहे. दुसऱ्याची हजेरी हेल्परइतकीच धरून ते बिल दुरुस्त करावं आणि पैसे आज रात्रीच द्यावेत, अशी मी आयोजकांना विनंती केलीय. खजिनदार 'बघतो' म्हणालेत. ते इथेच पहिल्या रांगेत बसलेत, त्यांच्याकडे मात्र सगळ्यांनी वळून बघायला हरकत नाही.

कराराचा एक पानी नमुना मी तयार केलाय, मराठीत आणि उर्दूत, प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. प्रश्न आत्ताच विचारा. नऊला टेम्पो भरायचा आहे, आणि त्या पेट्या जड असतात. पाच-सहा जण थांबलात तर बरं होईल.